गजाननरावांची मंगळवारची गोळी

झाशीत आमची मराठी घरं आता मोजकीच उरली आहेत. गणपतीत मंडळाचा महाप्रसाद असतो तेव्हा सगळी एकत्र येतात आणि निम्मा वेळ हिंदीत बोलतात. पंगत मात्र अजून जुन्या पद्धतीची. मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाजी, भात, वरण सगळं पानात पडलं तरी कोणी पानाला हात लावत नाही. शेवटी भातावर तूप येतं, श्लोक होतो आणि मग जेवण. म्हणजे पंगत खरी सुरू करतो तो तूप वाढणारा. आणि तीस वर्षं आमच्याकडे तूप वाढणारा एकच, गजाननराव अष्टपुत्रे.

ते माझ्यापासून चौथ्या दारात राहतात, खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत. आडनाव अष्टपुत्रे, पण मुलगी एकच, इरा, ती लग्न होऊन इंदूरला असते. गजाननराव रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांना गाता येत नाही, भाषण येत नाही, वर्गणी मागायला पाठवलं तर स्वतःचीच देऊन परत येतात. पण तूप! डाव्या हातात भांडं, उजव्या हातात पळी, कमरेत वाकून पंगतीतून असे जातात की भाताच्या मुदीवर बरोबर मधोमध धार पडते आणि पानावर एक थेंब सांडत नाही. माणसाला आयुष्यात एक गोष्ट नीट येत असेल तर तेवढी पुरते, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटायचं. हे बरोबर आहे की नाही, माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या कोपरांवर चट्टे उठले. वर पांढरे चंदेरी पापुद्रे, खाली लाल. मग ते गुडघ्यांवर आले, आणि मागच्या वर्षी बोटांच्या पेरांवर. सोरायसिस. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे आता मला माहीत आहे. तेव्हा पंगतीत कोणालाच माहीत नव्हतं.

मागच्या गणपतीत गजाननराव वाकले, तसा पहिल्याच माणसाने पानावर हात आडवा धरला. "तूप नको हं, कोलेस्टेरॉल आहे." दुसऱ्यालाही कोलेस्टेरॉल. तिसऱ्याला शुगर, पण तूप नको. त्या दिवशी आमच्या अख्ख्या पंगतीला एकदम कोलेस्टेरॉल झालं. मलाही झालं, हे लपवून ठेवणं बरं नाही. आणि पाच मिनिटांनी मंडळाचा सेक्रेटरी देवेंद्र दुसरं भांडं घेऊन पुरणपोळीवर तूप घालायला आला, तेव्हा सगळे बरे झाले.

गजाननरावांनी भांडं आत नेऊन ठेवलं आणि ते न जेवता घरी गेले.

पुढच्या बैठकीत देवेंद्रने प्रस्ताव मांडला. "काका आता ज्येष्ठ झाले. पुढच्या वर्षी त्यांना दारात मानाची खुर्ची देऊ. आल्या-गेल्याला 'या, या' म्हणतील."

"आणि तूप?" गजाननरावांनी विचारलं.

देवेंद्र मुलगा वाईट नाही. तो खाली बघत म्हणाला, "काका, हात बरे झाले की पळी तुमचीच. माझा शब्द."

एवढं पुरलं. गणपतीपर्यंत हात बरे करायचे, असं गजाननरावांनी मनात धरलं आणि उपायांना लागले. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ केली. कोणी सांगितलं म्हणून बबीन्याला जाऊन एका वैद्याकडून काळं मलम आणलं. त्याने चट्टे गेले नाहीत, पण घरातल्या सगळ्या चादरी गेल्या. शारदावहिनी म्हणाल्या, "अहो, आता एक तर तुम्ही डॉक्टरला दाखवा, नाहीतर मी धोबी बदलते."

फाल्गुनात आम्ही त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. मी सोबतीला. दारावर पाटी होती, डॉ. प्रिया खरे.

"खरे! आपलीच निघाली की हो," गजाननराव खूश झाले. आत जाऊन त्यांनी पाच मिनिटं अस्खलित मराठीत सगळी कथा सांगितली, चादरींसकट. ती तरुण डॉक्टरीण मन लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अंकल जी, मैं उरई की कायस्थ हूँ. एक बार हिंदी में बता दीजिए."

मग पुन्हा सगळं हिंदीत.

तिने चट्टे तपासले. म्हणाली, हे आता मलमाचं काम नाही, पोटातून गोळी घ्यावी लागेल. आधी रक्त तपासायचं, मग महिन्या-महिन्याने पुन्हा, कारण गोळी यकृताला जड जाऊ शकते.

"शराब पीते हैं?"

"मॅडम," गजाननराव ताठ झाले, "हम मंगलवार को प्याज तक नहीं छूते."

"बहुत अच्छा. अब ध्यान से सुनिए. ये पीली गोली हफ्ते में सिर्फ एक दिन. रोज नहीं, कभी नहीं. रोज खा ली तो जान पर बन आएगी. बाकी छह दिन ये दूसरी वाली, विटामिन की. अब ऐसा दिन बताइए जो आप कभी नहीं भूलते."

"मंगलवार," गजाननराव तत्काळ म्हणाले. चाळीस वर्षं त्यांचा गणपतीचा मंगळवार आहे, दोन्ही वेळचा. पावसात, तापात, मुलीच्या लग्नातही त्यांनी तो मोडला नाही. न विसरण्याचा वार त्यांच्याकडे दुसरा कुठला असणार?

डॉक्टरने लाल शाईने लिहिलं: मंगळवार, तीन गोळ्या, रात्री खाने के बाद. खाली रेघ ओढली आणि वार बदलायचा नाही, असं बजावलं. मी शेजारीच होतो. माझाही मंगळवार असतो. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

औषधाचा कारभार गजाननरावांनी स्वतःकडे ठेवला. वहिनींना हात लावू देत नव्हते. महिन्याने रिपोर्ट घेऊन आम्ही गेलो. डॉक्टर रिपोर्ट पाहून चकित झाली.

"अरे वाह, अंकल जी! लिवर तो एकदम बच्चे जैसा है. दवा आपको बहुत सूट कर रही है."

गजाननरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते यकृत त्यांनी हाताने घडवलं होतं.

"पर चमड़ी में फर्क नहीं है," डॉक्टर म्हणाली. "कोई बात नहीं, समय लगता है. डोज बढ़ाते हैं." तिनाच्या चार झाल्या. पुढच्या महिन्यात यकृत आणखी गोड, चट्टे तसेच. चाराच्या सहा. जूनच्या शेवटी डॉक्टर रिपोर्ट उलटसुलट करून पाहू लागली. तिच्या पाहण्यात असं औषध पहिलंच, ज्याचा ना त्रास होत होता ना उपयोग. गोळी बदलावी लागेल, ती महाग पडेल, पंधरा दिवसांनी ठरवू, असं ती म्हणाली.

येताना रिक्षात गजाननराव लक्ष्मी तालावरून वळताना म्हणाले, "नाना, गणपतीला अडीच महिने राहिले. दारातली खुर्ची कशी असते हो? हातवाली की साधी?"

"हातवाली असेल," म्हणालो.

आषाढातल्या एका बुधवारी सकाळी वहिनींनी गॅलरीतून हाक मारली. "नाना, जरा इकडे या. तुमच्या मित्राने मोती साठवलेत ते बघून जा."

गेलो तर देवघराचा खण उघडा. कापूर शोधताना वहिनींना आत एक डबी सापडली होती. डबी उघडून त्यांनी ताटलीत ओतली. बारीक पिवळ्या गोळ्या, मूठभर. गजाननराव पाटावर बसून जपमाळ ओढत होते, पण मणी पुढे सरकत नव्हता.

"एकही गोळी घेतली नाही?" मी विचारलं.

"घेणार कधी?" ते म्हणाले. "खाने के बाद, असं लाल शाईत लिहिलंय. मंगळवारी मी जेवतो का?"

"मग करता काय?" वहिनी म्हणाल्या. "काल रात्री दीड ताट साबुदाण्याची खिचडी कोणी खाल्ली?"

"तो फराळ."

"रताळ्याचा कीस?"

"फराळ."

"वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी? ती तर दोनदा मागून घेतलीत."

"शारदा, उगाच पापात पाडू नकोस. वरई म्हणजे भात नव्हे."

"वर दोन केळी."

"केळं हे फळच आहे!"

"अहो, पण मग बुधवारी जेवून घ्यायची," मी म्हणालो.

"वार बदलायचा नाही, डॉक्टरच म्हणाली होती. मी मंगळवारी रात्री गोळ्या देवापुढे ठेवत होतो. नंतर डबीत. बाकी सहा दिवस ती दुसरी गोळी नियमाने घेतली, एक चुकवली नाही."

"डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

"तिने विचारलं, कोई तकलीफ? मी म्हटलं, नाही. तकलीफ नव्हतीच."

वहिनी कपाळाला हात लावून खाली बसल्या. गजाननरावांनी जपमाळ खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "नाना, मला हे कळत नव्हतं असं नाही. दोन-तीनदा मनात आलं, की खिचडी खाल्लीच आहे, घेऊन टाकावी. पण मग ते जेवण झालं, असं म्हणावं लागतं. खिचडी म्हणजे जेवण असं एकदा मानलं, तर चाळीस वर्षांचे मंगळवार गेले. मग मी उपास केलाच कधी?"

हसू येत होतं, तरी आम्ही दोघंही हसलो नाही. माझेही मंगळवार त्या ताटलीत होते.

खरी भीती त्यानंतर वाटली. गजाननराव एकदम उठले. "आज बुधवार. दुपारी पोटभर जेवतो आणि हे सगळं एकदम घेऊन टाकतो. पारायणात अध्याय राहिले तर दुसऱ्या दिवशी जोडून वाचतातच ना?"

वहिनींनी ताटली उचलली, गोळ्या पदरात घेतल्या, पदराला गाठ मारली आणि ती कमरेला खोचली. "नाना, रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाल्या. तशाच, पदराच्या गाठीसकट, त्या दवाखान्यात आल्या.

डॉक्टरने गाठ सोडून टेबलावर गोळ्या पाहिल्या. तिचा चेहरा उतरला. "एक साथ कितनी खाईं?"

"एक भी नहीं," वहिनी म्हणाल्या. "हमने पकड़ लिया."

मग फराळ आणि जेवण यातला फरक मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. मला नीट जमलं नाही. साबूदाना, शकरकंद, मूंगफली, आलू, दही, राजगिऱ्याचे लाडू, अशी यादीच झाली. डॉक्टर ऐकत होती. राजगिऱ्यापर्यंत तिने धीर धरला, मग तोंडावर फाइल धरून हसायला लागली.

"अंकल जी, मुझसे ज्यादा तो आप व्रत में खाते हैं. पेट को थोड़े ही पता है कि ये खाना है कि फराळ."

"पेट को नहीं पता," गजाननराव गंभीरपणे म्हणाले, "गणपती को पता है."

डॉक्टरने हसणं थांबवलं. पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, असं मला वाटलं. "ठीक है. गणपती जी का दिन गणपती जी का. दूसरा दिन चुनते हैं. सोमवार?"

"सावन आ रहा है."

"गुरुवार?"

"दत्त महाराज."

"शनिवार?"

"मारुती."

"अंकल जी, कोई दिन है जब आप खाना खाते हैं?"

"बुधवार," वहिनी म्हणाल्या. "बुधवारी एकाही देवाचा उपास नाही, सगळे देव रिकामे आहेत."

बुधवार ठरला. मागचं सगळं रद्द. सहा नाही, पुन्हा तीनपासून सुरुवात, आणि जुन्या गोळ्या डॉक्टरने स्वतःकडे ठेवून घेतल्या. आम्ही निघताना ती म्हणाली, "पेट में दवा थी ही नहीं, इसलिए लिवर इतना खुश था."

आता खरी गोळी पोटात गेली. गुरुवारी सकाळी मळमळायचं, पण गजाननराव ते दत्ताचा दिवस म्हणून सहन करायचे. महिन्याने तिनाच्या चार झाल्या. श्रावण संपता संपता पापुद्रे गळून गेले, बोटं मऊ झाली. भाद्रपद लागला तेव्हा पेरांवर फक्त गुलाबी डाग उरले होते, जसे भाजलेल्या जागी उरतात तसे.

पण उरले होते. गणपतीच्या चार दिवस आधी देवेंद्र आला. हात पाहिले. चहा घेतला. पुन्हा पाहिले.

"काका, खूप फरक आहे. पण डाग दिसतातच. लोक काय... मी काय सांगू तुम्हाला. यंदा खुर्चीवर बसा, पुढच्या वर्षी नक्की."

तो गेल्यावर गजाननराव शर्ट बदलून आले. "नाना, चला. फिट आणायचं."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. रेल्वेत ते वर्कशॉपच्या टाइम ऑफिसात होते. आजारी पडलेला कामगार डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट आणल्याशिवाय कामावर घ्यायचा नाही, असा नियम. आणि ते आणलं, की मग फोरमन असो की साहेब, त्याला परत पाठवायची कोणाची प्राज्ञा नाही. "चौतीस वर्षं मी लोकांकडून कागद घेतला. आता माझा कागद देवेंद्रने घ्यायचा."

डॉक्टर म्हणाली, असं सर्टिफिकेट मी कधी दिलं नाही. गजाननराव म्हणाले, "मैं बोलता हूँ, आप लिखिए." तिने लेटरहेडवर हिंदीत लिहिलं: श्री गजानन अष्टपुत्रे का त्वचा रोग छूने से या साथ खाने से नहीं फैलता.

"परोसने से," गजाननराव म्हणाले.

"वो तो छूने में आ गया."

"अलग से लिखिए, मॅडम. नियम में जो शब्द नहीं, वो कोई नहीं मानता."

तिने 'परोसने से' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मानिक चौकात जाऊन आम्ही ते लॅमिनेट केलं. दुकानदाराने वाचून विचारलं, "गले में टाँगोगे का?" तो थट्टा करत होता. गजाननरावांनी फीत मागितली.

महाप्रसादाच्या दिवशी ते सोवळं नेसून, गळ्यात ती कार्डाची पाटी घालून मंडळात आले आणि देवेंद्रसमोर उभे राहिले. देवेंद्रने कागद वाचला. खालचा शिक्का वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"काका, हे गळ्यात घालून वाढणार?"

"ड्यूटीवर आहे, तोवर."

देवेंद्रने इकडेतिकडे पाहिलं, मग पळी त्यांच्या हातात दिली. "शब्द दिला होता मी," तो म्हणाला, थोडं स्वतःलाच.

पहिल्या पंगतीत मी होतो. गजाननराव वाकले की ती पाटी नेमकी जेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लोंबायची, आणि माणूस ती पूर्ण वाचायचा. एक जण तर शिक्क्यावरचा रजिस्ट्रेशन नंबरसुद्धा वाचत होता. वरणभात गार होत होता. पण पानावर हात आडवा धरायचं फारसं कोणाला सुचलं नाही, कारण दोन्ही डोळे कागदावर होते. दोघा-तिघांना कोलेस्टेरॉल अजून होतं. बाकीच्यांचं गेलेलं होतं. माझ्या पानाशी आले तेव्हा मी काही वाचलं नाही. त्यांनी धार धरली आणि मी 'पुरे' म्हणेपर्यंत थांबले नाहीत. मला पुरे म्हणायला फार वेळ लागला. भात तुपात तरंगत होता. संध्याकाळपर्यंत पोट दुखलं, ते सोडा.

श्लोक झाला, पंगत जेवून उठली. दुसऱ्या पंगतीसाठी तूप आणायला गजाननराव आत गेले. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेलो होतो, तिथून स्वयंपाकघर दिसतं. आमचा आचारी मुकेश, सीपरी बाजारचा, गेली सात-आठ वर्षं तोच सगळा स्वयंपाक करतो. पुरण वाटतो, कणीक मळतो. भट्टीपुढे घामाने भिजलेला असला तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. आम्हाला वाटायचं, तशी सवय असेल.

तो तूप ओतता ओतता पाटी वाचत होता. अक्षर लावून, ओठ हलवत. मग त्याने पंगतीकडचं दार ओढून घेतलं. मी मागच्या दाराशी आहे, हे त्याला दिसलं नाही.

"दद्दा," तो म्हणाला, "जो कागद सई है? सच्ची में नईं फैलत?"

"शिक्का बघ."

मुकेशने उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. पांढरे पापुद्रे, खाली लाल. गजाननरावांच्या चट्ट्यांचे सख्खे भाऊ.

"हमाए सोई है," तो म्हणाला. "छै साल सें. कोऊ खों बताई नईं. बता देते तो को बुलाउतो हमें?" कळलं असतं, तर त्याला स्वयंपाकाला कोणी बोलावलं असतं?

बाहेर दुसरी पंगत बसली होती. माइकवर देवेंद्रचा आवाज आला, "तूप येऊ द्या! अष्टपुत्रे काका, तूप!"

तीस वर्षांत गजाननरावांनी पंगत एक मिनिट खोळंबून ठेवली नव्हती. माइकवर पुन्हा हाक आली. त्यांनी तुपाचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि चष्मा वर सरकवला.

"बसू दे त्यांना," ते म्हणाले. "दूसरा हाथ दिखाओ."